भुऱ्या डॉक्टरचे कागद

पुण्यात परतून बरेच दिवस झाले, तरी भेटेल तो मला एकच विचारतो, "वाघ दिसला का?" चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलेल्या माणसाला आणखी काही विचारता येतं, हे आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणाला सुचत नाही. वाघ दिसला नाही. जे दिसलं ते लिहून काढते आहे, कारण तोंडाने सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि ऐकणारे आपापला चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलाकडे सरकतात.

मी मूळची भद्रावतीची. वडील तिथल्या कारखान्यात कामाला होते, आम्ही वसाहतीतच वाढलो. मी शिकत शिकत पुण्याला आले आणि जर्मन भाषेची प्राध्यापक झाले. आमच्या सबंध भावकीत जर्मन येणारी मी एकटी. "त्या भाषेचा आपल्या माणसाले काय उपयोग?" हे आईने मला दर सुट्टीत विचारलं आहे, आणि दर सुट्टीत मी तिला वेगवेगळं, पण तितकंच फुसकं उत्तर दिलं आहे.

माझा धाकटा भाऊ मिलिंद आलापल्लीच्याही पलीकडे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने कळवलं की घरी जायच्या आधी माझ्याकडे ये, इथल्या एका नर्सबाईचं काम अडलं आहे आणि ते जर्मन वाचणाऱ्या माणसाशिवाय सुटणार नाही. मला वाटलं, औषधाच्या बाटलीवरचं काहीतरी वाचायचं असेल.

चंद्रपूर

मिलिंद एसटी स्टँडवर घ्यायला आला होता. मी पोटात कावळे घेऊन उतरले होते. स्टँडबाहेरच्या गाडीवर त्याने पोहे घेतले, वर तर्रीचा लाल ओघळ. पुण्याच्या पोह्यांवर खोबरं आणि लिंबाची फोड असते, आणि ते खाताना माणूस सभ्यपणे बोलू शकतो. हे पोहे खाताना नाक पुसावं लागतं. इतक्या वर्षांत माझी जीभ बाटली होती, पण मी कबूल केलं नाही.

"आधी खाऊन घे," मिलिंद म्हणाला. "ऐकल्यावर तुले जेवण जाणार नाई."

मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्या शाळेच्या गावात एक जुना दवाखाना आहे. तो चालवला एका ऑस्ट्रियन डॉक्टरने. नाव फेलिक्स ब्राउनर. लोकांनी त्याचं 'भुरा डॉक्टर' करून टाकलं, कारण नाव तसं ऐकू यायचं आणि केसही भुरे होते. पहिल्या महायुद्धात हा माणूस ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या फौजेत सर्जन होता. दुसऱ्या युद्धाच्या तोंडावर जहाजाने मुंबईला आला. इथे इंग्रजांनी त्याला शत्रूच्या मुलखातला माणूस म्हणून काटेरी तारेच्या आत ठेवलं, मग सोडलं. एका मिशनला जंगलात जायला डॉक्टर मिळत नव्हता, तिथे हा गेला. पुढे मिशन उठून गेलं, डॉक्टर राहिला. मी शाळेत होते त्या सुमारास तो तिथेच वारला, तिथेच पुरला. त्याच्या हाताखाली लहानाची मोठी झालेली रुक्माबाई मडावी ही गावचीच गोंड मुलगी. तिला त्याने नर्सिंग शिकवलं, परीक्षा घेतली, सही-शिक्क्याचा दाखला दिला. दवाखाना सरकारकडे गेला तेव्हा त्या दाखल्यावर रुक्माबाईला नर्स म्हणून ठेवून घेतलं गेलं, आणि तेव्हापासून आसपासच्या वस्त्यांमधलं क्वचित एखादं मूल तिच्या हाताशिवाय जन्मलं असेल.

आता चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नवीन कार्यालय, नवीन टेबलं, नवीन साहेब. जुन्या लोकांचे कागद तपासायला निघाले. कुठल्या कार्यालयाने हे केलं ते मी लिहीत नाही, आणि गावाचं नावही लिहिणार नाही, कारण रुक्माबाईला अजून तिथेच राहायचं आहे. तिच्या कागदांवर शेरा आला. मिलिंदने तो उतरवून आणला होता. "प्रशिक्षण देणारी व्यक्ती अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यावसायिक असल्याचा कोणताही पुरावा आढळून येत नाही. सबब संबंधितांना कामावरून कमी करण्यात येत आहे."

पोळ्याच्या सुमारास दवाखान्याला कुलूप लागलं, वर लाखेचं सील. दुसरी नर्स नेमल्याचं कळलं, ती कोणी पाहिली नाही. आणि रुक्माबाईला बजावण्यात आलं की यापुढे पेशंटला हात लावलास तर प्रकरण पोलिसात जाईल.

"मग ब्राउनर डॉक्टर होता याचा पुरावा?" मी विचारलं.

"पेटीभर हाये. सगळा जर्मनमध्ये. साहेब म्हणते, हे मले काय समजणार."

मी पोह्यांचा कागद चुरगळून फेकला. त्याचं बरोबर होतं, उरलेले गेले नाहीत.

नदी

आलापल्लीपर्यंतचा एसटीचा प्रवास मी गाळते, हाडं अजून शाबूत आहेत एवढं पुरे. आलापल्लीचं सागवान मात्र सांगितलं पाहिजे. डेपोत पडलेले ओंडके पाहिले, प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याने ठोकलेला शिक्का, बाजूला आकडा. एकेका लाकडाची जन्मकुंडली सरकारकडे तयार. माणसांच्या बाबतीत याच जिल्ह्यात काय चालतं ते मी नुकतंच ऐकलं होतं, त्यामुळे ते जंगल मला शांत-बिंत काही वाटलं नाही.

पुढे जीप, मग पायी, मग नदी. पावसाळा संपला होता, तरी पाणी छातीभर होतं. लाकूड कोरून केलेल्या डोंग्यात बसायचं. डोंगा चालवणारे लालसूभाऊ, काळेशार, कमरेला पंचा, बांबू पाण्यात रोवायचे आणि डोंगा गुपचूप पुढे सरकायचा. मी बसताना इतकी डुगडुगले की एक चप्पल पाण्यात पडली आणि मजेत वाहत निघाली.

"जाऊ द्या तिले," लालसूभाऊ म्हणाले. "नदीले बी लागते कधीमधी."

मी हसले. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरचे कागद वाचाले तुमीच आल्या ना जी?"

"हो."

नदीच्या मधोमध आल्यावर, बांबूकडेच बघत, त्यांनी सांगितलं. कुलूप लागल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांच्या सुनेचे दिवस भरले. रुक्माबाईला बोलवायला गेले. ती म्हणाली, मला मनाई आहे, हिला सरकारी दवाखान्यात न्या. बैलगाडी जुंपली. नदी तेव्हा दुथडी होती. काठावरच थांबावं लागलं. सून वाचली.

"लेकरू वाटंतच गेलं," ते म्हणाले. "नातू होता."

"रुक्माबाईंचा राग आला नाही?"

"तिचा काऊन येईन? तिनं तं त्याच दिसापासून कोणाचं ऐकनं सोडलं. आता आपल्या घराच्या पडवीत बाळंतपन करून राह्यली." डोंगा काठाला लागला. "कुलपाचा येते राग."

पडवी

रुक्माबाई मडावी पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर आणि हातांवर गोंदण, केसांचा घट्ट अंबाडा. पांढरी साडी. काढून टाकल्यावरही पांढरीच साडी. मला बघून म्हणाल्या, "जोहार बाई. पाय धुवा," आणि माझ्या एकाच चपलेकडे नजर गेली तशा आतून आपल्या रबरी चपला आणून पुढे ठेवल्या. त्या मला दोन बोटं आखूड होत्या.

जेवायला पळसाच्या पानावर लाल तांदळाचा भात, अंबाडीची आंबट भाजी, सुकी मासळी आणि द्रोणात लाल मुंग्यांची चटणी. मिलिंद माझ्याकडे तिरक्या डोळ्याने बघत होता. मी चाखली. लिंबासारखी आंबट, मागून झणझणीत. दुसऱ्यांदा मागून घेतली. आमच्या पुण्यात पाव आंबवून महाग विकतात आणि त्याला संस्कृती म्हणतात, इथे कोणी मुंगी खाल्ली की तो मागासलेला. पाणी भोपळ्याच्या तुंब्यातून, थंडगार.

दुपारी मी पडवीत टेकले होते तेव्हा एका बाईला आणलं. दोन्हीकडून धरून, पावलापावलाला थांबत. रुक्माबाईंनी आम्हाला अंगणापलीकडे पिटाळलं, कुडाला घोंगडी बांधली. आतून कण्हणं येत होतं आणि त्याच्यावरून रुक्माबाईंचा आवाज, गोंडीत काहीतरी समजावणारा. मध्येच एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला. "रूइक. रूइक बाई, रूइक."

मी ताठ झाले. हा शब्द मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवते. शांत हो, सावकाश. शुद्ध व्हिएन्नाच्या वळणाचा उच्चार, आणि तो या कुडाच्या आडून, गोंडी वाक्याच्या पोटात बसून येत होता.

उन्हं कलली तेव्हा मूल रडलं. मुलगी. रुक्माबाई हात धुऊन बाहेर आल्या, तेव्हा मी विचारलं, हा शब्द कुठला?

"भुरा डॉक्टर म्हणे तसं. टाके घालतानी, हाड बसवतानी. आता इथी सगळेच म्हणते. बैल बुजला तरी म्हणते." मग थोड्या संशयाने, "काऊन? वंगाळ शब्द आहे काय?"

"नाही," मी म्हटलं. "फार चांगला आहे."

पेटी

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी आणली. पत्र्याची, वाळवीपासून जपायला चार दगडांवर ठेवलेली असायची म्हणे. आत कडुनिंबाचा पाला आणि एका दोऱ्यात बांधलेले कागद. मी वही-पेन काढलं, मांडी घातली आणि एकेक वाचत मराठीत उतरवू लागले. रुक्माबाई समोर डाळ निवडत बसल्या, मिलिंद खांबाला टेकून.

पहिला विद्यापीठाचा दाखला, लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये. 'समग्र आरोग्यविद्येचा डॉक्टर' अशी पदवी. मग फौजेत भरती झाल्याचा हुकूम. मग बढतीचे कागद, शेवटी रेजिमेंटचा सर्जन. एक पदक, आघाडीवर गोळीबार चालू असताना जखमींवर शस्त्रक्रिया केल्याबद्दल. आणि दरवर्षीच्या गोपनीय अहवालाचा उतारा. त्यात रकाने होते, आपल्याकडे असतात तसेच. घोड्यावर बसणे: बेताचे. भाषा: जर्मन, हंगेरियन, थोडी पोलिश. हाताखालच्या लोकांशी: सौम्य. वरिष्ठांशी: आदराने, परंतु हट्टी.

हे मी मोठ्याने सांगितलं तेव्हा रुक्माबाई डाळीवरून नजर न काढता म्हणाल्या, "खरं लिवलं आहे. मिशनचा मोठा साहेब आला होता एकदा. म्हणे, प्रार्थनेले येनाऱ्याले आधी तपासा. डॉक्टर म्हणे, रक्त निघून राह्यलं त्याले आधी."

आणखी काय हवं होतं? एखाद्या सिव्हिल सर्जनच्या फायलीत नसतील इतके कागद. मी मनातल्या मनात साहेबांसमोर ते एकेक आपटून ठेवत होते. मग दोऱ्यातला शेवटचा कागद हाती आला.

तो फौजेचा नव्हता. जर्मन सैन्य व्हिएन्नात शिरल्यानंतरचा, नव्या राजवटीचा, वर गरुडाचा शिक्का. चारच ओळी. डॉ. फेलिक्स ब्राउनर हे ज्यू असल्याने त्यांचा वैद्यकीय परवाना अमुक कायद्यान्वये 'एर्लोशन' झाला आहे. या शब्दाचा अर्थ विझणे. दिवा विझतो, निखारा विझतो, तसा. कोणी विझवला नाही, कोणाचा हात लागला नाही, आपोआप विझला. तिकडच्या कारकुनालाही 'सबब' लिहिता येत होतं तर. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी लिहिलं, 'रद्द झाला आहे.' मराठी सरकारी कागदात विझत काही नाही.

"काय लिवलं आहे त्याच्यात?" रुक्माबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांना परवाना, कायदा हे समजलं. एक समजेना. "पर त्याईनं केलं काय होतं?"

"काही नाही. ज्या घरात जन्मले ते घर तिथल्या सरकारला नको होतं."

"म्हंजे जातीपायी?"

"तसंच म्हणा."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तिकडं बी असते?"

मिलिंदने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पोहरा सोडायला मनाई होती.

"त्याईनं कधी सांगतलं नाई," रुक्माबाई म्हणाल्या. "आमी इचारलं का इतक्या दूर काऊन आले, तं म्हणे, इथी आंबे चांगले हायेत."

मिलिंदने मुद्दा काढला. हा कागद लावू नका. बाकीचे भरपूर आहेत, साहेबाच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? व्यवहाराने त्याचं म्हणणं खरं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत होतं.

"डॉक्टरनं सगळे एकाच दोऱ्यात बांधले," रुक्माबाई म्हणाल्या. "त्याईले लपवाचा असता तं चुलीत घातला असता. मी काऊन सोडू?"

त्या पडवीत तो विषय तिथे संपला.

गडचिरोली

चामोर्शीवरून गडचिरोलीला पोचलो. जिल्ह्याचं ठिकाण अजून ठिकाण व्हायचं होतं, गावाच्या कडेला बांधकामं, विटांचे ढीग, आणि साहेब लोकांच्या दारांवर नव्याकोऱ्या पाट्या. आम्हाला बाकावर बसायला सांगितलं. त्या बाकावर आणखी जंगलातली माणसं होती, गुडघे जवळ घेऊन, आवाज न करता बसलेली. पुण्यात कुठल्याही कचेरीत लोक निदान कुरकुर तरी करतात. इथे वाट बघणं हेच काम असल्यासारखी माणसं बसली होती, आणि शिपाई त्यांच्यावरून ओलांडून जात होता.

आत गेलो तेव्हा साहेबांनी आधी रुक्माबाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. आखूड रबरी चपलांतून टाचा बाहेर आलेल्या होत्या. माझी किंमत तिथे ठरली. बाजूच्या टेबलाशी रामटेके नावाचे कारकून होते, त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, एवढाच काय तो त्या खोलीतला माणूसपणा.

साहेब वाईट बोलत नव्हते. त्यांचं मराठी नीटनेटकं होतं, केसही. मी अनुवाद पुढे ठेवला, माझं कॉलेजचं ओळखपत्र ठेवलं. त्यांनी एकेक पान उलटलं. पदवीवर थांबले, पदकावर थांबले, मान हलवली. माझ्या जिवात जीव आला. मग शेवटच्या पानावर आले आणि त्यांचं बोट एका शब्दावर टेकलं.

"रद्द," ते म्हणाले. "म्हणजे यांचा परवाना रद्द झालेला होता."

मी समजावलं. कधी, कोणी, का. ज्यू म्हणजे कोण, त्या राजवटीने त्यांचं काय केलं. शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"ते सगळं दुःखद आहे," ते म्हणाले. "पण कारण काहीही असो, रद्द ते रद्द. परवाना रद्द झालेल्या व्यक्तीने दिलेलं प्रशिक्षण मी ग्राह्य कसं धरू? आतापर्यंत पुरावा नव्हता. आता तुम्हीच विरुद्ध पुरावा दिलात."

"हा शिक्का कोणाचा आहे ते बघा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "त्या सरकारचा हुकूम तुम्ही इथे अमलात आणताय. तो त्यांच्या देशातसुद्धा आता कोणी मानत नाही."

"बाई, परदेशी सरकारच्या निर्णयावर भाष्य करण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही."

मी आजवर पुष्कळ वाक्यं ऐकली आहेत. आमच्या समाजात जन्मलेल्या माणसाने ऐकायची सगळी ऐकली आहेत. पण हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, कारण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर द्वेषाचा लवलेश नव्हता. द्वेष असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. त्या चार ओळी टाइप करणारा व्हिएन्नातला माणूसही असाच असणार, नीट भांग पाडलेला, दुपारी घरी जेवायला जाणारा.

रुक्माबाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "भुऱ्या डॉक्टरले त्याईच्या सरकारनं काढलं तवा ते आमच्याइथी आले. आमी त्याईले ठेवून घेतलं. आता तुमी मले काढून राह्यले. मी कुठी जाऊ? मी तं इथलीच आहो."

साहेबांनी घंटी वाजवली.

बाहेर व्हरांड्यात रामटेके मागून आले. "शेवटचा कागद काऊन लावला जी?" ते हळूच म्हणाले. "थो नसता तं मीच टिपणी बनवून दिली असती." मग ते आत गेले.

मी मिलिंदला म्हणत होते, मुंबईला लिहू, वर्तमानपत्रात देऊ, कोर्टात जाऊ. रुक्माबाई शिपायाला परतीच्या गाडीची वेळ विचारत होत्या. गावात एका बाईला आठवा संपत आला होता आणि तिचे पाय सुजले होते.

दार

गावात आम्ही काय झालं ते सांगितलं. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. चर्चा गोंडीत झाली, मला सगळी समजली नाही. कोणी तावातावाने बोललं नाही, सगळ्यात जास्त संताप त्या झाडाखाली माझाच होता. लालसूभाऊंनी मग मला मराठीत सांगितलं. दवाखान्याची जागा गावाने दिली होती, भिंती गावाने लिंपल्या होत्या, सागाची चौकट लालसूभाऊंच्या बापाने घडवली होती. सरकारचं त्यात काय, तर कुलूप. म्हणून कुलपाला कोणी हात लावायचा नाही.

"मग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. चला."

सकाळची वेळ होती. चार माणसं पहारी घेऊन गेली. चौकटीच्या भोवतीची माती त्यांनी अलगद उकरली, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या, मग वरून. चौकटीला धक्का लागू नये म्हणून बाया खाली पोती धरून उभ्या होत्या. मग सगळ्यांनी मिळून दार चौकटीसकट बाहेर काढलं, बंदच्या बंद, कडी-कोयंडा, कुलूप आणि लाखेचं सील जागच्या जागी, आणि नेऊन मोहाच्या झाडाला टेकवून उभं केलं. दवाखान्याला आता दाराच्या जागी उजेड होता. आत वटवाघळांची घाण साचली होती. रुक्माबाईंनी खराटा घेतला. मीही घेतला. दुपारपर्यंत खोली शेणाने सारवून झाली होती आणि सुजल्या पायांची बाई खाटेवर आडवी होती.

माझी सुट्टी संपली, मी भद्रावतीला आईचा चेहरा पाहून पुण्याला आले. आईला सगळं सांगितलं, त्या दिवशी तिने जर्मनचा उपयोग विचारला नाही. मी वरच्या कार्यालयांना अर्ज केले. एकाचं उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. रुक्माबाईंची नेमणूक आजही रद्द आहे, नवीन नर्स आजही कागदावरच आहे, आणि तो शेरा जसाच्या तसा आहे. हे कोणी शांतपणे वाचू शकत असेल तर त्याने वाचावं, मला लिहितानाही जमत नाही.

मिलिंदने मात्र परवा एक कळवलं. कुलूप फोडल्याची तक्रार कोणीतरी वर केली होती, म्हणून पाहणीसाठी माणूस पाठवला. तो रामटेके निघाला. डोंग्यातून उतरला, जंगलातून चालत आला, मोहाखालच्या दारापाशी गेला. सील डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. कुलूप दोनदा ओढून बघितलं. मागे, दार नसलेल्या दवाखान्यासमोर, बाया लेकरं घेऊन रांगेने बसल्या होत्या, त्या त्याच्याकडे बघत होत्या. त्याने पाणी मागितलं, प्यायला, मांडीवर कागद घेतला आणि लिहिलं, "प्रत्यक्ष पाहणी केली. दाराचे कुलूप व सील शाबूत आहे." खाली सही केली, कागद खिशात ठेवला. मग लंगडत जाऊन रांगेत शेवटी बसला. येताना वाटेत त्याच्या टाचेत काटा मोडला होता.